लायनरखालचं पाणी

प्रिय सतीश,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पोहण्याच्या तलावाचे फोटो पाहिले. खोल बाजूचं लायनर, म्हणजे तलावाचं व्हिनाइल प्लास्टिकचं अस्तर, चांगलंच वर आलंय. ‘तलाव रिकामा करून खालचं पाणी काढून टाकतो’ असं तू लिहिलंयस. अरे, असं अजिबात करू नकोस, एक बादलीसुद्धा उपसू नकोस.

तुमच्या न्यू जर्सीत बर्फ वितळतं, त्यावर मार्च-एप्रिलचा पाऊस येतो आणि जमिनीतलं पाणी वर चढतं. आषाढात कोकणातली विहीर काठाला येते, तसंच. व्हिनाइल पाण्यापेक्षा जेमतेम जड, त्यामुळे बाहेरची पातळी तलावातल्या पाण्याच्या वर गेली की लायनर तरंगलंच. एका फुटाचा फरक म्हणजे दर चौरस फुटाला खालून 62 पौंडांचा रेटा! त्यात तलाव उपसलास तर लायनर आणखी उचललं जाईल. दहा-बारा वर्षांचं लायनर एकदा आकसलं की कोपऱ्यात पुन्हा बसत नाही, आणि ओल्या मातीच्या भाराने भिंतीचे पत्रे आत झुकतात ते वेगळंच.

तेव्हा आधी उलट कर. हिवाळ्यासाठी स्किमरच्या (भिंतीतलं, वरचा कचरा ओढणारं तोंड) खाली उतरवलेलं पाणी नळी लावून स्किमरच्या मध्यापर्यंत भर. फिल्टरचा पंप बंद ठेव, नाहीतर सुटलेलं लायनर तळाच्या जाळीवर ओढलं जाईल. फुगवट्यावर पाय देऊ नकोस, त्याला भोकही पाडू नकोस.

गळती नाही ना, हेही बघून घे. पायरीवर बादली ठेव, तलावातल्याच पाण्याने भर, आतल्या-बाहेरच्या पातळीवर खूण कर आणि 24 तास थांब. बादलीपेक्षा तलाव जास्त उतरला तर भोक शोधून पाण्याखाली चिकटणारं ठिगळ लाव. दोन्ही सारखेच उतरले तर दोष जमिनीतल्या पाण्याचा.

खरा इलाज बाहेर आहे. खोल बाजूला, भिंतीपासून चारेक फुटांवर, उभा खड्डा घ्यायचा. तुझा तलाव 8 फूट खोल, म्हणजे खड्डा 10 फूट हवा. त्याआधी 811 ला, म्हणजे खोदण्यापूर्वी जमिनीखालच्या वाहिन्या दाखवणाऱ्या सेवेला, फोन कर. पण ते फक्त कंपन्यांच्या वाहिन्यांच्या खुणा करतात. तलावाचे स्वतःचे पाइप आणि वायरी तुलाच शोधाव्या लागतील. खड्डा यंत्राने पाडून घे, आत कुणीही उतरायचं नाही, माती क्षणात ढासळते.

त्यात 12 इंच व्यासाचा, भोकं पाडलेला पाइप उभा कर, भोवती जिओटेक्स्टाइल (पाणी सोडणारं, माती अडवणारं) कापड आणि पाऊण इंची धुतलेली खडी. कापडात कंजूषी करू नकोस. बारीक वाळू पंपातून निघून गेली तर तलावाचा तळच पोकळ होतो. बाहेर पडणारं पाणी थोडा वेळ गढूळ येईल, पण गढूळच राहिलं तर पंप ताबडतोब थांबव. फ्लोट स्विचचा (पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा) सबमर्सिबल पंप, पाणी उलटं येऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि वीज जीएफसीआय सॉकेटमधूनच, म्हणजे करंट गळला की लगेच बंद होणाऱ्या. पाणी उताराकडे, लांब सोड. शेजाऱ्याच्या अंगणात नको, सेप्टिकच्या बाजूलाही नको.

तुझ्या 16 बाय 32 फुटांच्या तलावाखाली एक इंच पाणी धरलं तरी 320 गॅलन होतात, आणि उपसलेल्या जागी आजूबाजूचं झिरपत येतंच. वाळूच्या जमिनीत काही तासांत फरक पडेल, चिकणमातीत दिवस जातील. पाइपमध्ये रोज काठी बुडवून पातळी मोज. ती तळाच्या खाली गेली की वरच्या पाण्याच्या वजनाने लायनर आपोआप खाली बसेल.

सुरकुत्या राहतील. पाणी 80 अंश फॅरेनहाइटच्या आसपास तापेपर्यंत थांब, थंड व्हिनाइल ताणलं की फाटतं. मग नवा रबरी प्लंजर घेऊन मधून भिंतीकडे थोडंथोडं सरकवत ने. तळाला वाळू असेल तर ती वाहून खळगे पडले असतील. ते लायनर बदलतानाच बुजवता येतात. त्या वेळी तळाखाली खडीत भोकांचा पाइप टाकून तो याच खड्ड्याला जोडून घे.

आणि छपराच्या पन्हळी तलावाच्या बाजूलाच उतरलेल्या दिसताहेत! पाइप जोडून ते पाणी निदान दहा फूट पलीकडे ने. हे काम याच आठवड्यात होण्यासारखं आहे, पंपाआधी तेच कर.

बादलीचे आकडे आले की कळव, आणि खड्ड्यातली माती कशी निघाली तेही लिही. त्यावरून पंप केवढा घ्यायचा ते ठरवू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विजय