मेडिकेअरच्या अर्जाआधीचे सहा महिने

मा. संपादक, स. न. वि. वि.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत आलेले आपले बरेच वाचक आता पासष्टी ओलांडूनही नोकरी करत आहेत. हे पत्र त्यांच्यासाठी. मी एडिसनला राहते. ओळखीतल्या ज्येष्ठांचे कराचे कागद दरवर्षी मी बघून देते, त्यामुळे मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा, उशिरा घेताना होणारा बचत खात्याचा घोटाळा मला चांगला ठाऊक आहे. यंदा तो घरातच झाला.

माझे थोरले दीर सदुसष्टाव्या वर्षी, २०२५च्या जूनअखेर निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात त्यांनी मेडिकेअरचा अर्ज केला. एचएसए, म्हणजे करमुक्त आरोग्य बचत खात्यासाठी पगारातून होणारी कपात शेवटच्या पगारापर्यंत चालू होती. 'राहू द्या, काही अडचण नाही,' असे कंपनीच्या एचआरनेच सांगितले होते. अडचण होती. पासष्टीनंतर उशिरा अर्ज केला, तर मेडिकेअरचा रुग्णालयाचा भाग, 'पार्ट ए', सहा महिने मागे जाऊन लागू होतो (पासष्टीच्या महिन्यापलीकडे मात्र जात नाही). दिरांना तो डिसेंबर २०२४पासून लागला. मेडिकेअर असलेल्या महिन्यांत या खात्यात एक डॉलरही भरता येत नाही. त्यामुळे २०२५ची सगळी रक्कम, कंपनीच्या वाट्यासकट, जादा ठरली; २०२४ची मर्यादाही एका महिन्याने घटली. जादा रक्कम खात्यात राहिली तर तिच्यावर दरवर्षी ६ टक्के दंड बसतो. विवरणपत्राच्या मुदतीआधी ती कमाईसह काढून घेतली की दंड टळतो, नेहमीचा कर तेवढा भरावा लागतो.

सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन, आधीच घेणाऱ्यांना तर पासष्टीला पार्ट ए आपोआपच लागतो. त्यांनी कपात तेव्हाच थांबवायला हवी.

आधीचे साठलेले पैसे मात्र कुठे जात नाहीत. त्यातून पार्ट बीचा, म्हणजे मेडिकेअरच्या डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा, हप्ता भरता येतो. पुण्यात दातांचे काम करून घेतले तर तो खर्चही चालतो, पावती तेवढी जपून ठेवावी. मेडिकेअर भारतातल्या उपचारांचे पैसे देत नाही. नवऱ्याला मेडिकेअर लागले म्हणून बायकोचा हक्कही जात नाही. माझ्या जाऊबाई एकसष्ट वर्षांच्या आहेत, नोकरीतला त्यांचा विमा एचएसएला चालणारा आहे, त्या स्वतःच्या खात्यात भरतच आहेत.

आपल्या आर्थिक पुरवणीत कृपया या विषयाला जागा द्यावी. पासष्टी उलटून वर्ष-दोन वर्षे झालेली आणि येत्या जूनमध्ये अर्ज करायचा असेल, तर कपात नोव्हेंबरच्या पगारापाशीच थांबवायला एचआरला लेखी कळवावे.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस, एडिसन, न्यू जर्सी