न निघालेल्या रेकॉर्डची कव्हरे

महोदय,

शासकीय रेखाकला परीक्षा जवळ आल्या की शाळाशाळांतून संकल्पचित्राचा, म्हणजे डिझाइनचा, सराव सुरू होतो आणि पुष्कळ ठिकाणी तो जुन्याच वेलबुट्ट्या नव्या चौकोनात बसवण्यापुरता उरतो. अनेक वर्षे चित्रकला शिकवल्यानंतर एक सूचना करावीशी वाटते : सरावासाठी मुलांना मनातल्या एखाद्या गायकाच्या, कधीच न निघालेल्या रेकॉर्डचे कव्हर करायला द्यावे.

हा पोरखेळ वाटणाऱ्यांनी अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरातल्या ‘मिंगरिंग माईक’ या टोपणनावाच्या कलावंताचे काम पाहावे. १९६८ पासून सुमारे दहा वर्षे या तरुणाने स्वतःला लोकप्रिय गायक कल्पून पन्नासहून अधिक अल्बमची कव्हरे हाताने रंगवली. आत पुठ्ठ्याच्या तबकड्या, त्यांवर रंगाने काढलेल्या रेघा, मधोमध लेबल, मागे गाण्यांची यादी आणि मजकूर, असा सारा थाट होता. काही कव्हरांवर तर दुकानातल्यासारखे प्लास्टिकचे वेष्टनही चढवलेले होते. पुढे हा संग्रह त्याच्या हातून गेला आणि जुन्या बाजारात एका रेकॉर्ड-संग्राहकाला सापडला. २०१५ मध्ये स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन कला संग्रहालयाने त्याचे प्रदर्शन भरवले. हे यश जाऊ द्या. मला मोह पडतो तो मागच्या बाजूचा, जी कोणी वाचेल अशी खात्री नसतानाही त्याने मन लावून लिहिली.

माझ्या वर्गात हा प्रयोग केला तेव्हा आठवीतल्या एका मुलीने ओव्या गाणारी आजी कल्पिली आणि कव्हरवर वरून पाहिलेले जाते काढले. जात्याचे तोंड रेकॉर्डच्या मधल्या छिद्राच्या जागी आले होते, हे तिला मी सांगेपर्यंत लक्षातही आले नव्हते. मागे तिने चौदा गाणी आणि प्रत्येकाची वेळ लिहिली. एलपीच्या, म्हणजे मोठ्या रेकॉर्डच्या, एका बाजूला साधारण वीस-पंचवीस मिनिटेच मावतात असे सांगितल्यावर तिला चार गाणी गाळावी लागली. कोणती गाळायची यावर ती दोन दिवस अडून बसली. त्या दोन दिवसांत तिला ती आजी जितकी कळली, तितकी कोणत्याही वस्तुचित्रातली सुरई कळली नसती.

अक्षरलेखनाचाही खरा कस इथेच लागतो. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली नावे पाहिली की नाटकाची जात अक्षरांच्या वळणावरूनच ओळखू येते. कव्वालाचे नाव आणि पोवाडा गाणाऱ्या शाहिराचे नाव एकाच ठशात लिहून भागत नाही, हे मुलाला व्याख्यान न देता उमगते. अट मात्र एकच ठेवावी : खऱ्या गायकाचा चेहरा उतरवायचा नाही. तसे झाले की पुन्हा नक्कल सुरू होते.

खर्चाचे म्हणाल, तर किराणा दुकानातल्या खोक्याचा सव्वाबारा इंचांचा चौरस पुरतो. परीक्षेची प्रश्नपत्रिका बदलावी असे माझे म्हणणे नाही; दिवाळीच्या सुट्टीआधीचे चार तास शिक्षकांनी यासाठी काढावेत आणि झालेली कव्हरे शाळेच्या व्हरांड्यात, मागची बाजूही वाचता येईल अशी दोरीवर टांगावीत.

– एक निवृत्त कलाशिक्षक, सातारा