ते जाड पुस्तक परत घेतलंत म्हणून

आदरणीय ग्रंथपाल बाई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यासमोरून रोज इतकी माणसं जातात की मी तुमच्या लक्षात असेन असं वाटत नाही. खूण सांगते. संख्याशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ छातीशी धरून काउंटरवर आलेली आणि 'पहिलं प्रकरण कळलं की पुढचं जमेल ना?' असं विचारणारी बाई, ती मी. तुम्ही नोंद केली नाहीत. पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलंत, दोन पानं चाळलीत आणि विचारलंत, 'परीक्षा आहे की काम?'

काम होतं. सर्वेक्षणाचे भरून आलेले फॉर्म तपासून त्यांचा अहवाल लिहायचं माझ्या गळ्यात पडलं होतं. माझी पदवी भाषेची. गणिताशी शाळा सुटली तेव्हाच फारकत. 'पी व्हॅल्यूसुद्धा दे त्यात' असं कुणीतरी सहज म्हणालं आणि मीही तितक्याच सहज 'हो' म्हणून बसले होते.

तुम्ही त्या दिवशी मला एकही पुस्तक दिलं नाहीत, याचा मला रागच आला होता. वीस वेळा नाणं उडवून छापा-काटा लिहून आणा, म्हणालात. मी काय केलं ते आता उघड सांगायला हरकत नाही: नाणं उडवलंच नाही. छापा, काटा, काटा, छापा असं मनानंच लिहून दुसऱ्या दिवशी कागद पुढे केला. तुम्ही चष्मा वर करून एकदाच पाहिलंत आणि म्हणालात, 'हे उडवलेलं नाही.' मी गारच पडले. माझ्या कागदावर एकसारखं काही सलग तीनदासुद्धा आलं नव्हतं. खरोखर वीस वेळा नाणं उडवलं, तर छापा किंवा काटा सलग चार वेळा तरी येण्याची शक्यता सुमारे 77 टक्के असते. मनानं लिहिणाऱ्याचा हात मात्र तिसऱ्या छाप्याला अडखळतो. मग तिथेच, काउंटरवर, आवाज होऊ नये म्हणून वहीवर नाणं टाकत मी वीस वेळा उडवलं. मधेच ओळीनं पाच काटे पडले. योगायोगाला माणूस इतक्या लवकर 'कारण' चिकटवतो, हे मला त्या पाच काट्यांनी शिकवलं. पी व्हॅल्यू पुढे समजली ती त्यांच्याच जोरावर: नुसत्या योगायोगानं असं किंवा याहून टोकाचं काही किती वेळा दिसलं असतं, एवढाच तो प्रश्न. (2016 साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला या पी व्हॅल्यूच्या वापराबद्दल खास निवेदन काढावं लागलं, हे कळल्यावर माझं अज्ञान मला जरा हलकं वाटलं.)

मग डॅरेल हफचं 1954 सालचं 'हाऊ टू लाय विथ स्टॅटिस्टिक्स' दिलंत. दीडशे पानंही नाहीत, शिवाय चित्रं. दोन संध्याकाळी संपलं. सरासरी हा शब्द किती निसरडा आहे ते तिथे कळलं, आणि मी लगेच माझंच उदाहरण रचून पाहिलं: नऊ जण रोज अर्धा तास वाचतात, दहावा साडेपाच तास, सरासरी भरते एक तास, आणि एक तास वाचणारा त्यात एकही नाही! मध्यगा, म्हणजे आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढली तर अर्धा तास, म्हणजे खरी गोष्ट. पुस्तक परत करताना तुम्ही हळूच सांगितलंत की याच हफनं पुढे 1965 साली तंबाखू उद्योगाच्या बाजूनं अमेरिकी काँग्रेसपुढे साक्ष दिली. मला वाईट वाटलं. पण बरं झालं सांगितलंत; तोवर मी त्याची जवळजवळ भक्तच झाले होते.

त्यानंतर दिलेलं कार्टूनवालं पुस्तक मला फारसं मानवलं नाही, खरं सांगते. सुरुवात मजेत जाते, पण सूत्रं आली की शेजारच्या विनोदाची काही मदत होत नाही.

खरं ऋण आहे ते फ्रीडमन, पिसानी आणि पर्व्हज यांच्या 'स्टॅटिस्टिक्स'चं. 1978 साली पहिल्यांदा निघालेलं, तेही जाडच, पण सूत्रं मोजकी आणि मजकूर भरपूर. बर्कली विद्यापीठाच्या 1973 सालच्या पदव्युत्तर प्रवेशांचं उदाहरण मी तीन रात्री घोटलं. 8442 पुरुषांनी अर्ज केले, 44 टक्क्यांना प्रवेश. 4321 स्त्रियांनी केले, 35 टक्क्यांना. उघड अन्याय, असं मी पेन्सिलीनं लिहूनही टाकलं. पुढच्या तक्त्यात मोठे विभाग वेगळे काढलेले. पहिल्याच विभागात पुरुष 62 टक्के, स्त्रिया 82 टक्के! मी आकडे पुन्हा पाहिले. त्या विभागात अर्ज करणारे पुरुष 825 आणि स्त्रिया फक्त 108. जिथे कुणालाच सहज प्रवेश मिळत नाही, अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज जास्त गेले होते. बेरीज बरोबर, टक्के बरोबर, आणि माझा निष्कर्ष मात्र घाईचा.

त्याच पुस्तकात 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकी साप्ताहिकाची 1936 सालच्या अध्यक्षीय निवडणुकीतली फजिती आहे. एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, सुमारे 24 लाख परत आल्या, रूझवेल्ट हरणार असं भाकीत केलं आणि रूझवेल्टना 60 टक्क्यांहून जास्त मतं पडली. ते वाचून मी माझ्या फॉर्मांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. पाठवलेल्यांतले निम्मेही परत आले नव्हते, आणि इतके दिवस मी फक्त आलेल्यांच्याच टक्केवाऱ्या काढत होते. न आलेले कोण, हे मला कधी सुचलंच नव्हतं. अहवालात तो परिच्छेद मी सर्वांत आधी लिहिला. वरिष्ठ म्हणाले, 'हे कशाला?' मी कार्डवर लिहून घेतलेले ते 24 लाख दाखवले. परिच्छेद राहिला.

डेव्हिड स्पीगलहाल्टरचं 'द आर्ट ऑफ स्टॅटिस्टिक्स' सध्या वाचतेय. सुरुवातच हॅरल्ड शिपमन या खुनी डॉक्टरपासून आहे; त्याचे रुग्ण दिवसाच्या कोणत्या वेळी दगावले याचा आलेख दुपारी असा काही वर चढतो की पाहताना अंगावर काटा येतो. त्याला अजून आठवडाभर लागेल.

तुम्ही स्वतः हा विषय शिकलात की वाचून वाचूनच तयार झालात, हे विचारायचं राहूनच गेलं. बर्कलीच्या पानावरची ती 'उघड अन्याय' ही पेन्सिलीतली ओळही खोडायची राहिलीय. दंड असेल तर भरीन. येताना खोडरबर आणते. आणि ते पहिलं जाड पुस्तक शेल्फवर असेल, तर माझ्यासाठी बाजूला काढून ठेवाल का? अजून वेळ आहे म्हणालात, तर तसं.

आपली,
छापा-काटावाली वाचक