अपघाताच्या पंचनाम्यात आकडे हवेत

संपादक महोदय,

मुंबई-आग्रा महामार्गावर, मग ते आडगाव असो वा चांदवडचा राहुड घाट, अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत गाडी ‘भरधाव’ होती एवढे वाचायला मिळते. तिचा वेग ताशी किती होता, हे बहुतेक वेळा कोणीच सांगत नाही. बातमीपुरते हे चालून जाईल. परंतु तीच उणीव तपासाच्या कागदपत्रांत राहिली तर एखादा दोषी सुटतो किंवा एखादा निर्दोष चालक अडकतो, आणि दोन्ही गोष्टी टाळण्यासाठी लागणारे गणित आपल्या राज्यातील नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे, हे मला एक गणित शिक्षक म्हणून आवर्जून सांगावेसे वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ‘कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश’ या खटल्यात स्पष्ट केले आहे की, गाडी ‘अतिवेगात’ होती एवढ्या साक्षीवरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. अतिवेग ही सापेक्ष गोष्ट असून त्या परिस्थितीत तिचा नेमका काय अर्थ होता, हे सरकारी पक्षानेच पुराव्याने दाखवले पाहिजे. त्या प्रकरणातील ट्रकचालकाची सुटका कायम राहिली. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या साक्षीदाराला वेगाचा अचूक अंदाज येत नाही, यात त्याचा दोष नाही. रस्ता मात्र तो वेग लिहून ठेवतो.

चालकाने जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जागीच थांबून टायर घासत जातात आणि डांबरावर काळे पट्टे उमटतात. गाडीची गतिज ऊर्जा त्या घर्षणात खर्च होते, त्यामुळे पट्ट्याची लांबी, रस्ता आणि टायर यांमधील घर्षणांक (टायरची रस्त्यावरील पकड दाखवणारा आकडा) व गुरुत्व त्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो तो आकडा) या तिघांचा गुणाकार करून त्याची दुप्पट घेतली आणि वर्गमूळ काढले की ब्रेक लागतानाचा वेग सेकंदाला इतके मीटर असा मिळतो. समजा, पट्टा ३० मीटर लांब आहे. कोरड्या डांबरी रस्त्यासाठी घर्षणांक ०.७ धरला, तर वेग ताशी सुमारे ७३ किलोमीटर येतो. तोच रस्ता पावसाने ओला असेल आणि घर्षणांक ०.४ वर आला असेल, तर त्याच ३० मीटरवरून वेग निघतो ताशी सुमारे ५५ किलोमीटर. वेगमर्यादा ताशी ६० असलेल्या ठिकाणी पहिल्या उत्तराने चालक मर्यादेबाहेर ठरतो, दुसऱ्या उत्तराने मर्यादेत. म्हणजे मोजपट्टीइतकेच महत्त्व ‘रस्ता ओला होता की कोरडा’ या पंचनाम्यातील एका ओळीला आहे, आणि ती ओळ त्याच वेळी लिहिली नाही तर नंतर कोणताही तज्ज्ञ ती खात्रीने भरून काढू शकत नाही. घाटात उताराचे प्रमाणही हवे, कारण उतारावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. गाडी घसरत जाऊन कशावर तरी आदळली असेल, तर आदळतानाचा वेग या हिशेबात येत नाही. निघालेला आकडा तेव्हा किमान वेग असतो आणि तो तसाच नोंदवला पाहिजे. घर्षणांकही पुस्तकातून उचलण्यापेक्षा त्याच जागी, तशाच स्थितीत चाचणी घेऊन काढणे केव्हाही चांगले, आणि ट्रकच्या टायरसाठी तो वेगळाच घ्यावा लागतो.

नव्या गाड्यांत चाके पूर्ण थांबू न देणारी ब्रेक प्रणाली असल्यामुळे असे पट्टे पुसट पडतात किंवा दिसतच नाहीत. तेथे चौकातला सीसीटीव्ही उपयोगी पडतो. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे टिपत असेल आणि एकमेकांपासून २० मीटरवर असलेल्या दोन खांबांमधले अंतर गाडीने ३० चित्रांत कापले असेल, तर १.२ सेकंदांत २० मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटर. एका चित्राची चूक धरली तरी उत्तर ५८ ते ६२ यांच्यामध्येच राहते. मात्र कॅमेरा खरोखर सेकंदाला किती चित्रे नोंदवत होता, हे आधी तपासावे लागते, आणि जुन्या चित्रणावर नवे चढण्यापूर्वी ते ताब्यात घ्यावे लागते.

हीच शिस्त इतर गुन्ह्यांनाही लागू होते. मृतदेह किती वेगाने थंड होतो यावरून मृत्यूची वेळ काढण्याची पद्धत मृतदेह आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातील फरकावर उभी आहे. नाशिकच्या मे महिन्यातील दुपारी हवाच शरीराइतकी तापलेली असेल, तर तो फरक उरत नाही आणि समीकरण काहीही सांगत नाही. घटनास्थळी हवेचे तापमान नोंदवलेले नसेल, तर समीकरण गप्प आहे की बोलते आहे हेही कळत नाही.

आकड्याची अट विसरली की काय होते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण ब्रिटनमधले आहे. सॅली क्लार्क या मातेची दोन तान्ही मुले एकामागून एक दगावली आणि १९९९ मध्ये तिला त्यांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. तिच्यासारख्या कुटुंबात एका बाळाच्या आकस्मिक मृत्यूची शक्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोघांची ७ कोटी ३० लाखांत एक, असे एका नामवंत डॉक्टरांनी साक्षीत सांगितले होते. असा गुणाकार करायचा तर दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात, आणि सख्ख्या भावंडांची आनुवंशिकता व घर एकच असते. शिवाय, आईने दोन्ही मुलांचा खून करणे हेही अत्यंत दुर्मीळच. तुलना या दोन दुर्मीळ शक्यतांची करायला हवी होती, ती झाली नाही. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी या तिथल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने या आकड्यावर जाहीर आक्षेप घेतला. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली, मुख्यतः बचाव पक्षापुढे न आलेल्या वैद्यकीय अहवालामुळे. चारच वर्षांनी तिचे निधन झाले. गणित चुकले नव्हते, ८,५४३ चा वर्ग बरोबरच होता. तो वर्ग करण्याचा अधिकार आहे का, हे कोणी विचारले नाही. म्हणूनच आकडा मागताना त्याच्या अटीही मागाव्यात, असे मी आग्रहाने म्हणतो.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली असून तिच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतचा अवधी दिला आहे. परंतु प्रत्येक अपघातस्थळी तज्ज्ञ पोहोचणार नाही. तेथे पहिला पोहोचतो तो पोलीस ठाण्यातील अंमलदार. पोलीस उपनिरीक्षकांना घडवणारी महाराष्ट्र पोलीस अकादमी आपल्याच शहरात आहे आणि प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळाही येथेच आहे. या दोन संस्थांनी मिळून पट्ट्याची लांबी, रस्त्याची स्थिती, उतार, टायरची अवस्था, हवामान आणि कॅमेऱ्याचा तपशील एवढ्याच रकान्यांचा एक पानी नमुना तयार केला, तर त्यासाठी फार मोठा खर्च येणार नाही. जिल्ह्यातील भौतिकशास्त्र आणि गणिताच्या शिक्षकांना प्रशिक्षणासाठी बोलावल्यास आम्ही आनंदाने येऊ.

आपल्या वार्ताहरांनाही माझी विनंती आहे की, पुढच्या अपघाताची बातमी देताना तपास अधिकाऱ्यांना टायरच्या खुणा किती मीटर होत्या आणि रस्ता ओला होता का, हे दोन प्रश्न विचारावेत व मिळालेले उत्तर छापावे. उत्तर मिळाले नाही तर तेही छापावे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक,
नाशिक रोड