रियुनियनची काळी वाळू आणि आमच्या शिवारातली धार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी शिंदखेडा तालुक्यातला निवृत्त भूगोल शिक्षक. मुलगा नोकरीनिमित्त मॉरिशसला असतो. दिवाळीत त्याच्याकडे गेलो, तेव्हा शेजारचं रियुनियन बेट दाखव म्हणून हट्टच धरला. विमानाने पाऊण तास. बेट फ्रान्सच्या ताब्यातलं, पण उसाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांची नातवंडं-पतवंडं तिथे आहेत, तमिळ वळणाची देवळं आहेत. हे सगळं पाहण्यासारखंच, पण माझा जीव अडकला होता त्राँब्लेच्या किनाऱ्यात.

हा किनारा माझ्या शेवटच्या विद्यार्थ्यांपेक्षाही वयाने लहान आहे. एप्रिल २००७मध्ये तिथल्या पितों द ला फुर्नेज या २,६३२ मीटर उंचीच्या ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला. शिखरावरच्या विवराचा तळ तीनशे मीटरहून जास्त खचला, आणि लाव्हा रस्ता ओलांडून थेट समुद्रात गेला. लोहार लालबुंद फाळ पाण्यात बुडवतो तेव्हा जो चर्रकन आवाज होतो, तो डोंगराएवढा करून पाहा. लाव्हा पाण्यात पडताच तडकला, त्याचा चुरा झाला, लाटांनी तो दळला आणि वाळू तयार झाली.

केवड्याच्या जातीच्या झाडांतून पायवाटेने उतरलो. किनाऱ्यावर आम्ही चौघंच. समुद्र खवळलेला, पाण्यात पाऊल टाकायचं नाही असं मुलाने आधीच बजावलेलं. वाळू जाड रव्यासारखी, काळीभोर, आणि मध्ये मध्ये हिरवे दाणे, फुटलेल्या काचेच्या बांगडीच्या चुऱ्यासारखे. ते ऑलिव्हिन, लाव्ह्यातलं हिरवं खनिज. सौ.च्या पर्सचं बटण लोहचुंबकाचं आहे, ते वाळूवर फिरवलं तर काळ्या कणांची दाढीच चिकटली. हिरवे दाणे तेवढे तळहातावर राहिले. शाळेमागच्या नाल्यात मुलांना मी हाच प्रयोग करायला लावायचो. नातवाने पाण्याच्या बाटलीत वाळू भरून घेतली होती, ती परत ओतायला लावली.

सौ.ने मूठभर वाळू उचलली, बोटांनी चोळली आणि म्हणाली, "हाई ते आपला वावरनी माटी शे!"

ती बरोबर बोलली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड खूप दक्षिणेला होता. आज रियुनियनखाली जे तप्त स्थान आहे, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तापलेला खडक वर येण्याची जागा, त्यातूनच तेव्हा दख्खनच्या लाव्ह्याचे थर पसरले, असं बहुसंख्य भूशास्त्रज्ञ मानतात. भूखंड उत्तरेला सरकत गेला आणि त्याच चुलीवर मागाहून लक्षद्वीप-मालदीवची रांग, मॉरिशस आणि शेवटी रियुनियन तयार झालं. आमची कपाशीची काळी जमीन त्याच दगडाच्या झिजेतून आली.

हे पत्र लिहायचं कारण मात्र इथलं आहे. धुळे-नंदुरबार पट्ट्यात काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती शिवारातून गेलेल्या दिसतात. जमिनीच्या भेगांत लाव्हा थिजला, भोवतालचा दगड झिजून गेला आणि या भिंती उघड्या पडल्या. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. अभ्यासकांनी इथे अशा दोनशेहून जास्त नोंदवल्या आहेत, बहुतेक साधारण पूर्व-पश्चिम धावणाऱ्या. आमच्या गावाजवळ अशीच एक धार आहे. गेले दोन उन्हाळे तिथे पोकलेन लागलाय. खडी क्रशरला जाते, रात्री डंपर चालतात. संबंधित कार्यालयात दोनदा अर्ज दिला, पोच मिळाली, उत्तर नाही.

रस्त्याला खडी लागते हे मला कळतं. पण ही धार जमिनीखालीही भिंतीसारखी उभी असते आणि पाणी अडवते. आमच्याकडे धारेच्या वरच्या अंगाच्या विहिरींना मार्चअखेरपर्यंत पाणी राहतं, खालच्या अंगाच्या संक्रांतीलाच तळ गाठतात. ज्या खणावर धार खोलवर तोडली, तिथल्या वरच्या विहिरीला गेल्या वर्षी फेब्रुवारीतच टँकरची वाट पाहावी लागली. त्या शेतकऱ्याला मी शिकवलंय. तो माझ्यासमोर विहिरीच्या काठावर बसून रडला.

सरकारने या धारांपैकी निदान काही लांबी भूवारसा म्हणून राखून ठेवावी, गौण खनिजाचे परवाने देण्याआधी खालच्या-वरच्या विहिरींची पाहणी करावी आणि तिथे मराठीत माहितीचा फलक लावावा. आपल्या वार्ताहराने एकदा येऊन हे पाहावं, ही विनंती. दाखवायला मी स्वतः येईन. आमच्या धारेचा पूर्वेकडचा तुकडा अजून शाबूत आहे.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
ता. शिंदखेडा, जि. धुळे