रात्रपाळीच्या सिस्टरना

सिस्टर,

आईच्या हातावरची ती पेनाची रेघ पुसली जाऊन बरेच दिवस झाले. तुमचे आभार मात्र राहूनच गेले होते.

त्या रात्री आई ग्लानीत होती. पोटॅशियम घातलेलं सलाईन पंपावर चालू होतं. तिला थंडी वाजू नये म्हणून मीच तिचा हात पांघरुणात घेतला होता. थेंब पडताहेत, पंप चालू आहे, म्हणजे सगळं ठीक, असं धरून मी बसले होते. तुम्ही आलात, दिवा लावलात, पांघरूण सारलंत आणि इंट्राकॅथच्या, म्हणजे शिरेत घातलेल्या त्या बारीक नळीच्या, वरच्या बाजूला बोटं टेकवलीत. मग तशीच दुसऱ्या हाताला. "हा हात गार लागतोय. सलाईन शिरेबाहेर जातंय." तुम्ही दाखवलंत तेव्हा कुठे मला ती ताणलेली, चकाकणारी कातडी दिसली.

पंप बंद केलात, पण इंट्राकॅथ लगेच काढलं नाहीत. आधी सिरिंज लावून आतलं निघेल तेवढं ओढून घेतलंत. मग ते काढून हात उशीवर उंच ठेवलात, डॉक्टरांना फोन केलात, सुजेच्या कडेने पेनाने रेघ मारून वेळ लिहिलीत. पोटॅशियम शिरेबाहेर साचलं तर तिथली कातडी मरूही शकते, हे मला नंतर कळलं.

"मशीन वाजलं कसं नाही?" मी विचारलं.

"ते नळीतला दाब मोजतं, ताई. कातडीखाली मऊ असतं, पाणी पसरत जातं. दाब लवकर वाढतच नाही."

दुखतंय असं सांगू न शकणाऱ्या माणसाच्या, तान्ह्या बाळाच्या हाताला कुणीतरी हात लावूनच बघावं लागतं. आणि त्या रात्री अख्ख्या वॉर्डाला तुम्ही दोघीच होतात. तुम्हाला जास्त माणसं मिळायला हवीत. सुईची जागा झाकून टाकणाऱ्या पांढऱ्या पट्टीऐवजी आरपार दिसणारं ड्रेसिंग हवं, रुग्णाला न उठवता हात दिसेल असा उजेड हवा. कातडीखालचं पाणी प्रकाशाने ओळखणारे सेन्सरही आता निघालेत. ते जरूर यावेत, पण तुम्हाला विचारून. मनगट हललं की उगाच वाजणारा अलार्म तुमच्या काय कामाचा?

सकाळी ड्युटी संपल्यावर, पर्स खांद्याला लावून तुम्ही परत आईपाशी आलात. सूज रेघेच्या आत आली होती. तुम्ही दोन्ही हात पुन्हा चाचपलेत, मान हलवलीत आणि मगच घरी गेलात.

मनापासून आभार, सिस्टर.

तुमच्या त्या रात्रीच्या पेशंटची मुलगी