जाम घाटातल्या फुटक्या बाटल्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की वर्तमानपत्रांतून महूच्या पुढे, जाम घाटाच्या माथ्यावर असलेल्या जाम दरवाज्याचे फोटो येऊ लागतात. ढगात अर्धा बुडालेला दरवाजा, खाली हिरवंगार निमाड. फोटो खरेच असतात. गेली नऊ वर्षं मी सायकलने तिथे जाते, म्हणून त्या फोटोंत न येणारी गोष्ट, घाटात पडलेल्या दारूच्या फुटक्या बाटल्यांची, कळवते आहे.

आमच्या चौघीजणींची वाट ठरलेली आहे. पहाटे पाचला सुदामा नगरहून निघायचं, राऊवरून महू, महूला चहा, मग बडगोंद्यावरून जाम. परतताना महूपर्यंत तोच रस्ता, तिथून सिमरोलकडे वळून तेजाजी नगरमार्गे घरी. शंभराहून जास्त किलोमीटर होतात. महू मागे पडलं की वाहनं कमी होतात आणि चढ-उतार सुरू होतात. एक चढ संपवून दम खावा, तोवर पुढचा समोर उभा. सागाचं रान, काळ्या मातीतलं सोयाबीन, टेकडीच्या माथ्यावर पाच-पंचवीस कौलारू घरं. आणि मग अचानक पठार संपतं. तिथेच अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये हा दरवाजा बांधला. माळव्यातून राजधानी महेश्वरला उतरणारी वाट याच दारातून जात असे. पुढे चारच वर्षांनी बाई गेल्या. माळव्याच्या पठारावरचं पाणी चंबळेला जातं, दरवाज्याखाली उतरणारं नर्मदेला. ऐन पावसात तिथे उभं राहिलं की ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकातली वाटत नाही.

गेल्या भाद्रपदात मी दरवाज्यातून खाली मंडलेश्वरच्या बाजूला उतरत होते. दोन-तीन वळणं उतरायची आणि पुन्हा चढून वर यायचं, हा आमचा सराव. दुसऱ्या वळणावर पुढच्या चाकातली हवा गेली. मागचं चाक बसलं तर सायकल निदान सरळ थांबवता येते, पण उतारावर पुढचं बसलं की हँडल ऐकतच नाही. मी कठड्यावर आदळले आणि डावं मनगट मोडलं. टायरमध्ये बिअरच्या बाटलीची तपकिरी काच निघाली, गव्हाच्या दाण्याएवढी. अशी काच लगेच हवा काढत नाही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक ती रबरात खोल जाते आणि दोन-चार किलोमीटर पुढे ट्यूब फोडते. म्हणजे मी ती वर, दरवाज्यापाशीच उचलली असणार.

माझ्या मदतीला बकऱ्या चारणारी एक बाई आली. तिने आपल्या लुगड्याची पट्टी फाडून माझा हात गळ्यात बांधला, दूधवाल्याची मोटरसायकल थांबवली आणि मला महूला पाठवलं. थांबलो होतो तेवढ्यात तिने एक बकरी धरून तिचा खूर मला दाखवला. काचेने चिरलेला, त्यात पू झालेला. या मोसमातली ही तिसरी, म्हणाली. तिच्या स्वतःच्या पायात चप्पल नव्हती. माझं हाड सहा आठवड्यांत जुळलं. तो खूर मात्र डोळ्यांपुढून जात नाही.

या बाटल्या गावकऱ्यांच्या नाहीत. रविवारी दुपारी तिथे जाऊन पाहावं, गाड्या आपल्याच शहराच्या असतात. २०१७ पासून सलग सात स्वच्छता सर्वेक्षणांत देशात पहिलं आलेलं आपलं इंदूर. माझी सहा वर्षांची नात सुद्धा केळ्याची साल कुठल्या डब्यात आणि बिस्किटाचा कागद कुठल्या डब्यात, हे न चुकता सांगते. मला या शहराचा मनापासून अभिमान आहे, म्हणूनच लाज वाटते. घरात ओला-सुका वेगळा करणारी माणसं राऊच्या पुढे गेली की बाटली दगडावर फोडतात.

एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशातले दारूच्या दुकानांना लागून असलेले अहाते, म्हणजे बसून प्यायच्या जागा, बंद झाले. तो निर्णय मला तेव्हा पटला, आजही पटतो. पण प्यायला बसणाऱ्यांपैकी काहींनी आता डोंगराची वाट धरली आहे, असं माझ्या पाहण्यात आहे. अहात्यातली रिकामी बाटली दुकानदाराकडे राहत असे, घाटातली घाटातच राहते.

यावर घाटात पोलीस चौकी बसवा, असं काही जण सुचवतात. मला ते पुरेसं वाटत नाही. चौकीतला शिपाई एका वळणावर उभा राहील, बाकीच्या वळणांचं काय? तामिळनाडूने निलगिरी जिल्ह्यात २०२२ मध्ये वेगळा उपाय केला. तिथे सरकारी दुकानात प्रत्येक बाटलीवर दहा रुपये जास्त घेतात आणि रिकामी बाटली परत आणली की ते दहा रुपये परत देतात. जंगलात बाटल्या फुटून जनावरांचे पाय कापतात, याच कारणाने ते सुरू झालं. महू तालुक्यात आणि राऊ ते मानपूरच्या पट्ट्यात हे का होऊ नये? दहा रुपये मिळणार असतील तर बाटली फोडायला हात धजावणार नाही. कोणी टाकलीच तर गावातलं कोणीतरी उचलून दुकानात नेऊन देईल. आपल्याकडे दुकानं ठेकेदारांची आहेत, सरकारी नाहीत, ही अडचण मला मान्य आहे. पण ठेका देताना अटी सरकारच घालतं, त्यात आणखी एक घालावी.

संपादक महोदय, आपला वार्ताहर एकदा रविवारी संध्याकाळी दरवाज्यापाशी पाठवा आणि या बाटल्यांचा फोटो छापा. जमलं तर आबकारी विभागाला निलगिरीबद्दल विचारा आणि त्यांचं उत्तरही छापा.

हात बरा झाल्यावर आम्ही चौघी पुन्हा जाऊ लागलो आहोत. आता प्रत्येकीच्या सायकलला मागे गोणपाटाची पिशवी असते. मागच्या रविवारी दरवाज्यापासून दुसऱ्या वळणापर्यंतच चारही पिशव्या भरल्या, पुढची वळणं तशीच राहिली.

आपली एक वाचक,
सुदामा नगर, इंदूर